मतांची मोजणी : लिंडन जॉन्सन यांची राजकीय कारकीर्द

लिंडन बेन्स जॉन्सन हे अमेरिकेचे छत्तिसावे राष्ट्राध्यक्ष. २२ नोव्हेंबर १९६३ ते २० जानेवारी १९६९ हा त्यांचा कार्यकाळ. त्याआधी चोवीस वर्षे ते वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये होते. बारा प्रतिनिधिगृहात, बारा सिनेटमध्ये. अध्यक्षपदावर त्यांनी जे मिळवले आणि जे गमावले, त्या दोहोंचा उलगडा या चोवीस वर्षांत होतो. मते मोजणे हा त्यांचा खरा व्यवसाय होता. समोरच्याला काय हवे आहे, तो कशाला भितो, कोणती गोष्ट पदरात पडली की आपल्या बाजूने हात वर करील, याचा अंदाज बांधण्यात त्यांच्या पिढीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नागरी हक्कांच्या कायद्यांना ही विद्या कामी आली. व्हिएतनाम युद्धात, हनोईपुढे ती लागू पडली नाही.

त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्सासमधील स्टोनवॉल गावाजवळ, पेडर्नालेस नदीकाठच्या शेतावर झाला. हा मुलूख डोंगराळ, पातळ मातीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा. वडील सॅम जॉन्सन टेक्सासच्या विधिमंडळाचे सदस्य होते. गावात त्यांना मान होता. पुढे शेतीत आणि कापसात पैसा घातला, भाव कोसळले आणि घर कर्जात बुडाले. ज्यांनी कालपर्यंत नमस्कार केला ते दुकानदार उधारी नाकारू लागले. राजकारण करावे, पण हरू नये आणि कंगाल होऊ नये, ही खूणगाठ मुलाने तेव्हाच बांधली असे चरित्रकार म्हणतात. पुढच्या अनेक घटना पाहता ते पटण्याजोगे आहे.

सॅन मार्कोसच्या शिक्षक महाविद्यालयात शिकताना पैसे संपले, म्हणून १९२८-२९ मध्ये त्यांनी मेक्सिकोच्या सीमेकडील कोटुला या गावी मास्तरकी केली. शाळा मेक्सिकन मजुरांच्या मुलांची. कित्येक मुले न्याहारीशिवाय वर्गात येत. वीस वर्षांच्या या मास्तरांनी पहिल्या पगारातून खेळाचे सामान आणले, वादविवादाच्या स्पर्धा भरवल्या आणि शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलायला सक्त मनाई केली. कळकळ आणि दांडगाई यांचे हे मिश्रण पुढे जन्मभर टिकले.

१९३१ च्या अखेरीस ते काँग्रेस सदस्य रिचर्ड क्लेबर्ग यांचे चिटणीस म्हणून वॉशिंग्टनला आले. क्लेबर्ग हे टेक्सासमधील अवाढव्य किंग रँचच्या मालक घराण्यातले. त्यांचे मन कचेरीपेक्षा गोल्फमध्ये अधिक रमे. त्यामुळे मतदारांची पत्रे, खात्यांतले खेटे, नोकऱ्यांच्या शिफारशी हा सारा कारभार तेवीस वर्षांच्या चिटणिसाच्या हाती आला. बरेचसे चिटणीस डॉज हॉटेलात राहत आणि स्नानगृह सामाईक होते. जॉन्सन पहिल्याच रात्री चार वेळा आंघोळीला गेले आणि सकाळी थोड्या थोड्या वेळाने दात घासत राहिले, अशी आठवण सांगितली जाते. तेथे येणाऱ्या प्रत्येकाशी ओळख काढायची होती. दीड वर्षात ते या चिटणिसांच्या ‘छोट्या काँग्रेस’चे अध्यक्ष झाले.

१९३४ मध्ये क्लॉडिया टेलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ‘लेडी बर्ड’ या लाडक्या नावानेच त्या पुढे ओळखल्या गेल्या. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने बेकार तरुणांसाठी काढलेल्या राष्ट्रीय युवक प्रशासनाचे टेक्सासचे संचालकपद जॉन्सन यांना मिळाले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. दोन वर्षांनी दहाव्या मतदारसंघाचे सदस्य वारले आणि पोटनिवडणूक लागली. उमेदवारांची गर्दी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची संख्या वाढवण्याची रूझवेल्ट यांची योजना तेव्हा वादात सापडली होती. जॉन्सन यांनी तिला बिनशर्त पाठिंबा दिला आणि एप्रिल १९३७ मध्ये ते निवडून आले. टेक्सासच्या दौऱ्यावर आलेल्या अध्यक्षांनी त्यांना आपल्या आगगाडीत बोलावून घेतले.

प्रतिनिधिगृहातील बारा वर्षांत त्यांच्या नावावर राष्ट्रीय महत्त्वाचा एकही कायदा नाही. पण आपल्या मुलखात त्यांनी वीज आणली. ग्रामीण विद्युतीकरणाचा नियम असा होता की, मैलामागे किमान तीन ग्राहक असतील तरच कर्ज मिळेल. त्या विरळ वस्तीत ते शक्यच नव्हते. जॉन्सन थेट रूझवेल्ट यांच्याकडे गेले आणि अपवाद मंजूर करून आले. १९३९ मध्ये तारांत वीज खेळू लागली. तोवर तिथल्या बायका विहिरीवरून पाणी शेंदून आणत आणि उन्हाळ्यातही चुलीवर लोखंडी इस्त्र्या तापवत. सरकारने मनावर घेतले तर गरिबाचे कष्ट कमी होतात, ही त्यांची श्रद्धा अनुभवातून आलेली होती.

१९४१ मध्ये सिनेटच्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले आणि १,३११ मतांनी हरले. चूक त्यांचीच होती. त्यांच्या हुकमी जिल्ह्यांचे आकडे त्यांनी आधीच जाहीर करू दिले. किती मते कमी पडतात हे प्रतिस्पर्ध्याच्या माणसांना कळले आणि उशिरा येणाऱ्या जिल्ह्यांतून तेवढी मते ‘निघाली’. टेक्सासमधील निवडणूक तेव्हा अशीच चाले. हा धडा जॉन्सन विसरले नाहीत.

१९४८ मध्ये ते पुन्हा उभे राहिले तेव्हा समोर माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन होते. टेक्सासमध्ये रिपब्लिकन पक्ष नावापुरता, त्यामुळे डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक जिंकली की सिनेटची जागा मिळालीच. पहिल्या फेरीत स्टीव्हन्सन सत्तर हजारांहून अधिक मतांनी पुढे होते. प्रचारात जॉन्सन यांनी हेलिकॉप्टर वापरले. खेड्यातल्या लोकांनी असले यंत्र पाहिले नव्हते. ते घरघरत माळावर उतरले की गाव गोळा होई. २८ ऑगस्टच्या निर्णायक फेरीत जवळजवळ दहा लाख मते पडली आणि निकाल शेकड्यांवर लोंबकळत राहिला. सहाव्या दिवशी जिम वेल्स तालुक्यातील अ‍ॅलिस गावच्या तेरा नंबरच्या पेटीत आणखी २०२ मतदारांची नोंद सापडली. त्यातली २०० मते जॉन्सन यांची. नावे एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात आणि चक्क वर्णानुक्रमे लिहिलेली होती. मतदार वर्णानुक्रमे रांगेत उभे राहत नाहीत. हा भाग जॉर्ज पार नावाच्या सत्ताधीशाच्या मुठीत होता आणि पार त्या वर्षी जॉन्सन यांच्या बाजूने होते. अखेर जॉन्सन ८७ मतांनी विजयी ठरले. पक्षाच्या राज्य समितीने हा निकाल २९ विरुद्ध २८ असा मान्य केला. संघराज्याच्या न्यायालयात सुरू झालेली चौकशी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांच्या आदेशाने थांबली. हा आदेश मिळवून देणारे वकील एब फोर्टास यांना जॉन्सन यांनी पुढे त्याच न्यायालयावर नेमले. ‘लँडस्लाइड लिंडन’ म्हणजे प्रचंड बहुमतवाला लिंडन, हे टोपणनाव या निवडणुकीची देणगी. १९७७ मध्ये त्या केंद्रावरील निवडणूक अधिकाऱ्याने मते खोटी असल्याची कबुली दिली. जॉन्सन यांचे चाहतेही आज याविषयी फारसा वाद घालत नाहीत.

याच काळात ते श्रीमंत झाले. १९४३ मध्ये लेडी बर्ड यांच्या नावे ऑस्टिनचे एक डबघाईला आलेले रेडिओ केंद्र विकत घेण्यात आले. परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाने नंतर दिलेल्या सवलतींमुळे ते भरभराटीला आले आणि पुढे दूरचित्रवाणीचाही परवाना मिळाला. कागदोपत्री जॉन्सन यांचा संबंध नव्हता. राजकारणी माणसाची पत्नी उत्तम व्यवसाय करते याचे आश्चर्य मराठी वाचकालाही वाटू नये.

सिनेट ही जॉन्सन यांची खरी कर्मभूमी. दोन वडीलधाऱ्यांचा हात त्यांच्या डोक्यावर होता: प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष सॅम रेबर्न आणि दक्षिणेच्या गटाचे नेते, जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल. दोघेही एकटे. रविवारी जेवायला लेडी बर्ड यांच्याकडे. १९५१ मध्ये जॉन्सन पक्षाचे प्रतोद झाले, १९५३ मध्ये अल्पमताचे नेते आणि १९५५ मध्ये, पहिल्या सहा वर्षांची मुदत संपते न संपते तोच, बहुमताचे नेते. तोवर हे पद म्हणजे मानाचा पण बिनकामाचा गणपती होता. समित्यांची अध्यक्षपदे ज्येष्ठतेने मिळत आणि नेत्याला कोणी विचारत नसे. जॉन्सन यांनी नव्या प्रत्येक सदस्याला एक तरी महत्त्वाची समिती मिळेल असा पायंडा पाडला. वाटपाचा अधिकार हाती आला की उपकाराचे खाते उघडते, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांच्या मनधरणीला अमेरिकेत ‘जॉन्सन ट्रीटमेंट’ असे नाव पडले. सव्वासहा फूट उंचीचा हा माणूस समोरच्याच्या इतका जवळ येई की त्याला मागे रेलावे लागे. एक हात खांद्यावर, दुसऱ्याने कोटाची कड धरलेली, नाकाला नाक भिडेल असे अंतर. मग आर्जव, थट्टा, धमकी, आठवणी, आकडे आणि प्रसंगी डोळ्यांत पाणी. साम, दाम, दंड, भेद हे चारही उपाय पाच मिनिटांत आटोपत. वृद्ध सिनेटर थिओडोर ग्रीन यांच्याबरोबरची अशी छायाचित्रे १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत ग्रीन टेबलावर कमानीसारखे मागे वाकलेले दिसतात. जुलै १९५५ मध्ये जॉन्सन यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. काही महिन्यांत ते कामावर परतले आणि पूर्वीच्याच वेगाने राबू लागले.

१९५७ चा नागरी हक्क कायदा हा त्यांच्या या विद्येचा उत्तम नमुना. तोवरचा त्यांचा लौकिक दक्षिणेच्या गटातला. १९३७ पासून वीस वर्षे त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या प्रत्येक विधेयकाविरुद्ध मत दिले होते. झुंडबळीविरोधी विधेयकालाही विरोध केला होता. पण अध्यक्षपदाची आकांक्षा असलेल्या माणसाला उत्तरेची मतेही हवी होती. १९५६ मध्ये शाळांतील वंशविभाजन टिकवण्यासाठी दक्षिणेच्या सदस्यांनी काढलेल्या जाहीरनाम्यावर जॉन्सन यांची सही नव्हती. पुढच्या वर्षी पश्चिमेकडील सिनेटरांना हेल्स कॅन्यन येथे सरकारी धरण हवे होते. जॉन्सन यांनी जुळवाजुळव अशी केली की दक्षिणेची मते धरणाला पडली आणि नागरी हक्कांचे विधेयक सौम्य करण्यासाठी पश्चिमेची मते दक्षिणेला मिळाली. विधेयकातील सर्वांत धारदार भाग कापला गेला, गुन्हेगारी स्वरूपाच्या अवमानाच्या खटल्यांसाठी ज्यूरीची तरतूद घालण्यात आली आणि त्या मोबदल्यात दक्षिणेच्या गटाने विधेयक अडवून धरले नाही. एकट्या सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी चोवीस तासांहून अधिक भाषण केले. लांबलचक भाषणांनी विधेयक रोखण्याच्या या प्रकाराचा, म्हणजे फिलिबस्टरचा, तो विक्रम ठरला. हाती आलेला कायदा दुबळा होता. पण १८७५ नंतर काँग्रेसने संमत केलेला तो पहिलाच नागरी हक्क कायदा आणि दार एकदा किलकिले झाले की पुढच्या वेळी ढकलणे सोपे जाते, हा जॉन्सन यांचा युक्तिवाद खरा ठरला.

१९६० मध्ये त्यांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पाय फार उशिरा उचलला. सिनेटमधील मित्र आपापल्या राज्याची मते आणून देतील या भ्रमात ते राहिले आणि जॉन केनेडी यांनी राज्याराज्यांत फिरून प्रतिनिधी गोळा केले. केनेडी यांनी देऊ केलेले उपाध्यक्षपद त्यांनी घेतले. टेक्सासशिवाय ती निवडणूक जिंकणे केनेडींना अवघड होते आणि टेक्सास जॉन्सन यांनी मिळवून दिले. पुढची तीन वर्षे मात्र अपमानाची गेली. निर्णयाच्या बैठकांत त्यांना क्वचितच विचारले जाई. अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांच्याशी असलेले वैर तर उघडच होते. अंतराळ परिषदेचे अध्यक्षपद आणि परदेश दौरे एवढेच काम उरले. मे १९६१ च्या दौऱ्यात ते दिल्लीलाही येऊन गेले. त्याच दौऱ्यात त्यांनी सायगावचे हुकूमशहा दिएम यांची तुलना चर्चिल यांच्याशी केली.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे केनेडी यांची हत्या झाली. दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी लव्ह फील्ड विमानतळावर उभ्या असलेल्या विमानातच न्यायाधीश सेरा ह्यूज यांनी जॉन्सन यांना शपथ दिली. पाच दिवसांनी काँग्रेससमोर भाषण करताना, केनेडी यांचे अडकून पडलेले नागरी हक्क विधेयक मंजूर करणे हेच त्यांचे खरे स्मारक होईल, असे त्यांनी सांगितले. अडकलेल्या दोन विधेयकांचा क्रम त्यांनी विचारपूर्वक ठरवला. आधी करकपात. अर्थसमितीचे अध्यक्ष हॅरी बर्ड यांना अंदाजपत्रक १०० अब्ज डॉलरच्या आत हवे होते; जॉन्सन यांनी रात्री जागून खर्च छाटला आणि ९७.९ अब्जांचा आकडा बर्ड यांच्यापुढे ठेवला. फेब्रुवारी १९६४ मध्ये करकपात मंजूर झाली. आता दक्षिणेच्या गटाला ओलीस धरण्यासाठी दुसरे विधेयक उरले नव्हते.

नागरी हक्क विधेयकावर सिनेटमध्ये कामकाजाचे साठ दिवस फिलिबस्टर चालला. तेव्हाच्या नियमानुसार चर्चा बंद करायला शंभरांपैकी ६७ मते लागत आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे वीसहून अधिक दाक्षिणात्य सिनेटर विरोधात असल्याने रिपब्लिकन मतांशिवाय गत्यंतर नव्हते. त्यांचे नेते एव्हरेट डर्कसन. जॉन्सन यांनी विधेयकाची धुरा ह्युबर्ट हम्फ्री यांच्यावर सोपवली आणि श्रेय डर्कसन यांना मिळेल अशी खबरदारी घ्यायला सांगितले. श्रेय हे फुकट वाटता येणारे चलन आहे, हे ओळखणारे नेते थोडेच. दक्षिणेशी तडजोड मात्र यावेळी करायची नाही हे त्यांनी रसेल यांना स्वच्छ सांगितले. ज्यांनी आपल्याला सिनेटमध्ये वाढवले त्या गुरूंशीच हा सामना होता. १० जून १९६४ रोजी मतदान झाले. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूच्या गाठीमुळे वाचा राहिली नव्हती. त्यांना चाकांच्या खुर्चीतून सभागृहात आणले. नाव पुकारल्यावर त्यांनी कसाबसा हात उचलून डोळ्याकडे बोट नेले. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच. मत होकारार्थी नोंदले गेले. चर्चा ७१ विरुद्ध २९ मतांनी बंद झाली आणि २ जुलै रोजी जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. हॉटेले, चित्रपटगृहे, नोकऱ्या यांतील वंशभेद बेकायदा ठरला. आपण दक्षिण दीर्घकाळासाठी रिपब्लिकनांच्या हवाली केली, असे त्या रात्री ते म्हणाल्याची आठवण त्यांचे सहायक बिल मॉयर्स यांनी नोंदवली आहे.

नोव्हेंबर १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांच्याविरुद्ध त्यांना ६१.१ टक्के मते मिळाली. निर्वाचक मतांत ४८६ विरुद्ध ५२. स्वतःचे अ‍ॅरिझोना वगळता गोल्डवॉटर यांना मिळालेली पाचही राज्ये खोल दक्षिणेतली होती. या लाटेत प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटांचे दोनतृतीयांश बहुमत आले. ही लाट फार काळ टिकत नाही, वर्षभरात काय ते करून घ्या, असे जॉन्सन सहकाऱ्यांना बजावत. ‘ग्रेट सोसायटी’ या नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम मुख्यतः १९६५ या एका वर्षात कायद्यात उतरला.

त्यातील दोन गाठी कशा सुटल्या हे पाहण्यासारखे आहे. शाळांना केंद्राची मदत द्यावी की नाही हा वाद वर्षानुवर्षे कॅथलिक शाळांवर येऊन अडे. ही मदत शाळेला नसून गरीब मुलाला आहे, अशी मांडणी जॉन्सन यांच्या माणसांनी केली आणि पेच सुटला. ११ एप्रिल १९६५ रोजी आपल्या बालपणीच्या शाळेसमोर, पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून त्यांनी सही केली. दुसरी गाठ वृद्धांच्या आरोग्यविम्याची. अर्थसाधने समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी तो वर्षानुवर्षे रोखला होता. निवडणुकीनंतर वारे फिरल्याचे पाहून मिल्स यांनी तीन प्रतिस्पर्धी प्रस्ताव एकत्र केले: रुग्णालयाचा खर्च सक्तीच्या विम्यातून, डॉक्टरची फी ऐच्छिक विम्यातून आणि गरिबांसाठी राज्यांच्या साहाय्याने मेडिकेड. जॉन्सन यांनी त्यांना मनसोक्त श्रेय घेऊ दिले. ३० जुलै रोजी मिसुरीतील इंडिपेंडन्स येथे, वीस वर्षांपूर्वी ही कल्पना मांडून हरलेल्या हॅरी ट्रूमन यांच्या साक्षीने मेडिकेअरच्या कायद्यावर सही झाली. वंशभेद पाळणाऱ्या रुग्णालयाला या योजनेचा पैसा मिळणार नव्हता. दक्षिणेतील रुग्णालयांतले स्वतंत्र वॉर्ड त्यामुळे काही महिन्यांत बंद होऊ लागले.

७ मार्च १९६५ रोजी अलाबामातील सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्च्यावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. आठ दिवसांनी जॉन्सन काँग्रेससमोर उभे राहिले आणि चळवळीच्या गीतातले शब्द त्यांनी आपल्या दाक्षिणात्य उच्चारात म्हटले. कोटुलाच्या उपाशी मुलांचा उल्लेखही त्याच भाषणातला. ६ ऑगस्टला मताधिकार कायदा अमलात आला. साक्षरतेच्या परीक्षा स्थगित झाल्या, केंद्राचे अधिकारी नावे नोंदवू लागले आणि भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घ्यावी लागू लागली. मिसिसिपीत नोंदणी झालेल्या कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण ६.७ टक्क्यांवरून दोन वर्षांत ५९.८ टक्क्यांवर गेले. ज्यांच्या नावाने खोटी मते नोंदवून जॉन्सन सिनेटमध्ये गेले तसल्याच दबलेल्या लोकांना मतपेटी खुली करून देणारा हा कायदा त्यांचा आहे.

३ ऑक्टोबर १९६५ च्या स्थलांतर कायद्याकडे त्या काळी फारसे लक्ष गेले नाही. त्यापूर्वी भारतातून वर्षाला केवळ शंभर जणांना अमेरिकेत कायम वास्तव्याचा कोटा होता. राष्ट्रवार कोट्यांची ती पद्धत मोडली गेली आणि कौशल्य व नातेसंबंध यांना महत्त्व आले. साठीच्या अखेरीस पुण्या-मुंबईहून निघालेले डॉक्टर आणि इंजिनियर याच दारातून आत गेले. शिकागो, न्यूयॉर्क येथील महाराष्ट्र मंडळांचा पाया त्यांनी घातला.

भारताचा जॉन्सन यांच्याशी दुसरा संबंध गव्हाचा. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी झाला आणि देश पी.एल. ४८० करारातील अमेरिकन धान्यावर जगू लागला. एप्रिल १९६५ मध्ये जॉन्सन यांनी लालबहादूर शास्त्री यांची ठरलेली भेट ऐनवेळी पुढे ढकलून दिल्लीला दुखावले होतेच. दीर्घ मुदतीचा करार करण्याऐवजी त्यांनी थोडे थोडे धान्य सोडण्याचे धोरण धरले आणि जहाजे सोडायचा निर्णय स्वतःच्या हाती ठेवला. भारताने शेतीवर अधिक खर्च करावा, हा एक हेतू. त्यानुसार नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांच्यात समझोता झाला. व्हिएतनामवर भारत करीत असलेली टीका बंद व्हावी, हा दुसरा हेतू, आणि तो लपून राहिला नाही. मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या, जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, पण बॉम्बफेकीवरची टीका थांबली नाही आणि धान्याची दोरी पुन्हा आवळली गेली. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला तो परदेशी गहू आजही आठवतो. दुष्काळात लक्षावधी लोक वाचले हे जितके खरे, तितकेच हेही की या वागणुकीने दिल्लीत स्वयंपूर्णतेची ईर्षा पेटली. सिनेटरला समितीची जागा देऊन बांधता येते. सार्वभौम देश तसा बांधला जात नाही.

व्हिएतनाममध्ये हीच चूक कैक पटींनी मोठी झाली. केनेडी गेले तेव्हा दक्षिण व्हिएतनाममध्ये सुमारे सोळा हजार अमेरिकन लष्करी सल्लागार होते. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकन युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाल्याचे सांगण्यात आले. दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे कागदपत्रांतून सिद्ध झाले. त्या आधारे मांडलेला ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ असा संमत झाला आणि अध्यक्षांना जवळजवळ मोकळा हात मिळाला. आयुष्यभर एकेका मतासाठी झटणाऱ्या माणसाला एवढे बहुमत यापूर्वी कधी मिळाले नव्हते, आणि याच बहुमताने त्यांचा घात केला.

त्यांना हे युद्ध नको होते, याचा पुरावा त्यांच्याच दूरध्वनीच्या ध्वनिमुद्रणांत आहे. मे १९६४ मध्ये रसेल यांच्याशी बोलताना ते यातून सुटका कशी होईल याचीच चिंता करतात. पण चीन कम्युनिस्टांच्या हाती ‘घालवल्या’बद्दल ट्रूमन यांची झालेली दशा त्यांनी पाहिली होती आणि व्हिएतनाम गमावले तर ग्रेट सोसायटीही हातची जाईल, अशी भीती त्यांच्या मनात बसली. मार्च १९६५ मध्ये उत्तर व्हिएतनामवर नियमित बॉम्बफेक सुरू झाली आणि दा नांग येथे मरीन सैनिक उतरले. ७ एप्रिलला बाल्टिमोर येथील भाषणात जॉन्सन यांनी मेकाँग नदीच्या खोऱ्याच्या विकासासाठी अब्ज डॉलर देऊ केले. टेक्सासच्या डोंगरात वीज आणणाऱ्या माणसाला मनापासून वाटले की, उत्तर व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह यांना धरण नाकारता येणार नाही. हनोईला देशाचे एकीकरण हवे होते. त्याचा भाव जॉन्सन यांच्याकडे नव्हता. उपपरराष्ट्रमंत्री जॉर्ज बॉल आणि उपाध्यक्ष हम्फ्री यांनी वेळीच सावध केले. बॉल यांचे ऐकून घेतले गेले आणि बाजूला ठेवले गेले; हम्फ्री यांना बैठकांतून दूर ठेवण्यात आले.

२८ जुलै १९६५ रोजी सैन्य सव्वा लाखावर नेण्याची घोषणा झाली. ती संध्याकाळी दूरचित्रवाणीवर राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात नव्हती, दुपारच्या पत्रकार परिषदेत होती. राखीव दले बोलावली नाहीत, करवाढ मागितली नाही. मेडिकेअरवर सही व्हायला दोन दिवस बाकी होते. युद्ध मोठे आहे असे कबूल केले असते तर काँग्रेसने सामाजिक खर्चाला कात्री लावली असती, हा हिशेब उघड आहे. दोन्ही घोडे एकाच वेळी पळवण्याच्या या हट्टाने महागाई वाढली आणि त्याहून वाईट म्हणजे अध्यक्षांच्या शब्दावरचा विश्वास उडाला. करावर दहा टक्के अधिभार मागायची वेळ आली तेव्हा, १९६८ मध्ये मिल्स यांनी सहा अब्ज डॉलरची खर्चकपात मोबदल्यात वसूल केली.

देशातही घडी विस्कटत होती. मताधिकार कायद्यानंतर पाचच दिवसांनी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळली. १९६७ मध्ये नेवार्क आणि डेट्रॉइट पेटले. १९६६ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहातील ४७ जागा गमावल्या. तरीही १९६७ मध्ये थरगुड मार्शल हे सर्वोच्च न्यायालयावरील पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, घरांच्या खरेदी-भाड्यातील भेदभावाला बंदी घालणारा कायदाही आला.

जानेवारी १९६८ च्या अखेरीस व्हिएतनामी नववर्षाच्या, म्हणजे टेटच्या सणात कम्युनिस्टांनी दक्षिणेतील शहरांवर एकाच वेळी हल्ले चढवले. लष्करीदृष्ट्या ते परतवले गेले, पण विजय दृष्टिपथात असल्याची सरकारची ग्वाही पोकळ ठरली. सेनापतींनी आणखी दोन लाख सैनिक मागितले. नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड यांनी हिशेब मांडायला घेतला आणि युद्ध जिंकण्याची योजनाच नाही असे त्यांना आढळले. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरच्या पक्षांतर्गत निवडणुकीत युद्धविरोधी यूजीन मॅकार्थी यांनी ४२ टक्के मते घेतली. चार दिवसांनी रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन यांनी उत्तरेच्या मोठ्या भागावरील बॉम्बफेक थांबवली आणि भाषणाच्या शेवटी, आपण पुन्हा उमेदवारी स्वीकारणार नाही, असे जाहीर केले. त्या वर्षअखेर व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक होते आणि तीस हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले होते. व्हिएतनामी मृतांची संख्या कितीतरी पटींनी मोठी. नोव्हेंबरमध्ये रिचर्ड निक्सन निवडून आले.

निवृत्तीनंतर जॉन्सन पेडर्नालेसच्या काठी परतले आणि २२ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराने वारले. पाच दिवसांनी पॅरिसमध्ये व्हिएतनाम शांतता करारावर सह्या झाल्या.

त्यांच्या काळात अमेरिकेतील दारिद्र्याचे प्रमाण १९६४ मधील १९ टक्क्यांवरून १९६९ मध्ये सुमारे १२ टक्क्यांवर आले. त्यात तेजीचा वाटा किती आणि योजनांचा किती यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. मेडिकेअरला हात लावायला कोणताही पक्ष सहजासहजी धजत नाही. मताधिकार कायद्यातील पूर्वपरवानगीची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निष्प्रभ केली. दक्षिणेविषयीचे जॉन्सन यांचे भाकीत मात्र त्यांच्या अंदाजापेक्षाही खरे ठरले: १९६४ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या एकाही अध्यक्षीय उमेदवाराला देशातील गोऱ्या मतदारांची बहुसंख्य मते मिळालेली नाहीत.